खांबाच्या अलीकडे

“श्वास थांबला तेव्हा गाडी खांबाच्या अलीकडे होती की पलीकडे?”

नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी हे मंगोलियनमध्ये विचारलं आणि दुलमानं हिंदीत सांगितलं. दुलमा आमच्या कंपनीची दुभाषी. आग्र्याला दोन वर्षं राहून हिंदी शिकली होती, त्यामुळे सगळं दूरदर्शनच्या बातम्यांसारखं बोलायची. ‘मेला’ हा शब्द तिच्याकडे नव्हताच. ‘देहावसान’ होता.

“अलीकडे म्हणजे कुणाच्या अलीकडे?” मी विचारलं. मी गंमत करत नव्हतो. चोवीस वर्षांचा होतो, माझ्या तोंडून आपोआप गंमत व्हायची.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्यासमोर मिठाच्या चहाचा वाडगा सरकवला आणि उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेल्या. नकाशावर मोठा हिरवा भाग होता, तो प्रांताचा. हिरव्याच्या मधोमध एक पिवळा ठिपका होता. तो ठिपका म्हणजे आम्ही.

आता हे समजावून सांगावं लागेल. मलाही ते तीन वेळा समजावून घ्यावं लागलं होतं. मंगोलियाचे एकवीस प्रांत आहेत, त्यांना ऐमाग म्हणतात. ऐमागचे सुम, आणि सुमच्या बागा. बागेत झाड एकही नसतं. राजधानीचं वेगळं. तिचे दूरेग होतात आणि दूरेगचे खोरो. त्यातले काही दूरेग राजधानीला चिकटलेलेच नाहीत. आमचं कोळशाच्या खाणीचं गाव हे तसलं. राजधानीपासून सव्वाशे किलोमीटर लांब, चारही बाजूंनी प्रांताची ओसाड गवताळ जमीन, पण कागदावर राजधानी. नागपूर महापालिकेचा एक वॉर्ड चंद्रपुरात ठेवावा तसं. त्या गावाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या एकाही माणसानं काही चुकीचं केलं नाही, आणि नाव घेतलं की उगाच तसं वाटतं.

प्रांत संपून आमची राजधानी सुरू व्हायची तिथे रस्त्याच्या कडेला निळा-पांढरा सिमेंटचा खांब होता. बाईंनी नकाशावर त्याच्या जागी बोट ठेवलं.

“खांबाच्या या बाजूला देहावसान झालं असेल तर नोंद इथे होईल,” दुलमा म्हणाली. “आजच. त्या बाजूला झालं असेल तर सुममध्ये. त्यासाठी प्रथम बागेच्या प्रमुखाचा शिक्का लागेल.”

“मग प्रमुखाला भेटू.”

“ते कळप घेऊन दूरच्या चराईला गेले आहेत. शिक्का त्यांच्या अंगरख्यात असतो.”

“परत कधी येणार?”

दुलमानं विचारलं. बाईंनी खांदे उडवले.

“तिथलं गवत संपल्यावर.”

“गवत कधी संपेल?”

“ते मेंढ्यांवर अवलंबून आहे,” दुलमा म्हणाली. तीही गंमत करत नव्हती.

माझ्या शेजारी आमचा ड्रायव्हर चुलून बसला होता. साठीचा माणूस, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. तिथे वडीलधाऱ्याच्या नावापुढे ‘गुआय’ लावतात, आपल्याकडच्या ‘राव’सारखं. चुलून गुआय. आणि केंद्रेकाका रस्त्यापलीकडच्या सरकारी दवाखान्यात, तळघरातल्या एका थंड खोलीत होते. कालपासून.

*

लिंबाजी केंद्रे. राजुऱ्याकडच्या खाणीत तीस वर्षं कोळसा उपसणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या शॉवेल दुरुस्त करून निवृत्त झालेला फोरमन. तसलीच जुनी शॉवेल मंगोलियातल्या खाणीत होती, म्हणून एका ठेकेदारानं त्यांना दोन वर्षांसाठी नेलं, आणि मला, नव्या इंजिनियरला, भद्रावतीहून त्यांचा मदतनीस म्हणून. काकूंचा विरोध होता. काका म्हणाले होते, “दोन वर्षं तर आहे. घरी बसून काय तुले पाहू?”

हे असं भांडण ते फोनवर रोज करायचे. मला पाठ झालं होतं.

त्यांचं गाव जिवतीच्या डोंगरात. त्या भागातल्या काही गावांवर दोन राज्यं हक्क सांगतात, त्यातलं एक. त्यामुळे मंगोलियाची वाटणी त्यांना एका दिवसात कळली.

“ऐमाग म्हंजे जिल्हा. सुम म्हंजे तालुका. बाग म्हंजे ग्रामपंचायत. अन् दूरेग?” ते मला विचारायचे.

“राजधानीचा वॉर्ड.”

“दूर असते म्हणून दूरेग. ध्यानात ठेव लेका. आमच्या गावात तर दोन सरपंच हायेत. दोन रेशन कार्डं. मतं बी दोनदा देतो. शाई वाळू देत नाई.”

“मग मजा आहे की.”

“मजा? मायले साप चावला तवाची मजा सांगू?”

ही गोष्ट त्यांनी मला किमान अकरा वेळा सांगितली. त्यांच्या आईला शेतात साप चावला. एक दवाखाना इकडच्या राज्यात, एक तिकडच्या. अर्धं गाव म्हणे इकडचा मोठा हाय, अर्धं म्हणे तिकडचा जवळ हाय. दोन्ही सरपंच आले. दोघंही भाषण देऊ लागले. आई बैलगाडीत पडलेली.

“मंग?”

“मंग काय. गाडीले बैल जुंपून ठेवला होता. भाषणाले कटाळला अन् चालू पडला. त्याले एकच रस्ता ठावूक होता, बाजाराचा. जवळचा. बैलाले राज्य कळत नाई म्हणून माय वाचली गा माही.”

ही गोष्ट त्यांनी चुलूनलाही सांगितली होती. भाषेविना. स्वतः साप झाले, आई झाले, दोन्ही सरपंच झाले, आणि शेवटी बैल. चुलून इतका हसला की त्याला गाडी थांबवावी लागली. तेव्हापासून तो काकांना ‘उखेर’ म्हणायचा, म्हणजे बैल. काका त्याला ‘सरपंच’ म्हणायचे. दोघांमध्ये मिळून वीस शब्द होते आणि त्यांना एकविसाव्याची कधी गरज पडली नाही.

*

ऑक्टोबरचा शेवट होता. बर्फ पडलेला नव्हता पण जमीन गोठली होती. आमच्या गावाला पाणी देणारं पंपहाऊस सुमच्या हद्दीत, एक्केचाळीस किलोमीटरवर. तिथली एक मोटर जळाली. शॉवेलचं काम नव्हतं, पण विजेचं काही बिघडलं की “इंडियन्सना पाठवा” असा रिवाज पडला होता.

सकाळी साडेदहापर्यंत मोटर सुरू झाली. काकांनी पाना कपड्याला पुसला, पेटीत ठेवला, आणि पेटीवरच बसले.

“काय झालं काका?”

“काई नाई. छातीवर कोणी शॉवेलचा बकेट ठेवून राह्यलं.”

कपाळावर घाम होता. बाहेर उणे बारा.

चुलूननं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. मग फोन काढून कुणाशी तरी भराभर बोलला. मला वाटलं घरी सांगतोय, उशीर होईल म्हणून. आम्ही काकांना मागच्या सीटवर आडवं केलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. दवाखान्यात पोचायच्या आधी वाटेतच ते गेले.

नोंदणीच्या बाईंना मी एवढंच सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

*

“अलीकडे की पलीकडे?” दुलमानं परत विचारलं.

मी नकाशाकडे पाहिलं. काकूंचा फोन पहाटेपासून चार वेळा येऊन गेला होता. चारही वेळा तेच. “कधी आणतं गा त्यायले? तोंड पाहू देजो फक्त.” आता हा मेंढ्यांचा हिशेब मी त्यांना सांगू शकत नव्हतो.

“या बाजूला,” मी म्हटलं. “खांब मागे पडला. मग दोन मिनिटांनी.”

बाईंनी लिहून घेतलं. मग चुलूनला विचारलं. साक्षीदार दोन लागत होते.

चुलूननं टोपी उलटी केली, सुलटी केली. मग दुलमाला काहीतरी विचारलं.

“ते विचारत आहेत,” दुलमा म्हणाली, “की घरच्यांना तू काय सांगणार आहेस.”

“हेच.”

चुलूननं टोपी डोक्यावर घातली. मग बाईंना एक वाक्य सांगितलं, छोटंसं. बाईंनी ते लिहिलं. त्यानं त्याखाली सही केली आणि बाहेर गेला.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, मी रस्ता पाहत होतो.”

अर्ध्या तासात दाखला झाला. लिंबाजी किशनराव केंद्रे, वय बासष्ट, मृत्यूचं ठिकाण उलानबातर शहर, त्याखाली दूरेग, त्याखाली तिसरा खोरो. तिसरा खोरो म्हणजे खाणीच्या कुंपणाबाहेरचं माळरान. तिथे एक विजेचा खांब आणि बरेचसे कावळे राहतात. पण कागदावर काका राजधानीत वारले होते, आणि राजधानीत वारलेल्या माणसाचे कागद राजधानीत लवकर होतात. पाचव्या दिवशी ते राजुऱ्याला पोचले. काकूंनी तोंड पाहिलं.

सगळे म्हणाले, पोराचं डोकं चाललं. ठेकेदारानं तर पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं. सहा महिने वाटत राहिलं.

*

एक गोष्ट मात्र त्याच आठवड्यात झाली. पुन्हा पंपहाऊसवर जायचं होतं. चुलूननं खांब ओलांडला, आणखी चार किलोमीटर गेला आणि गाडी थांबवली. उतरला, इकडून तिकडून दगड गोळा केले आणि रस्त्याच्या कडेला रचले. गुडघ्याएवढा ढीग झाला. मला म्हणाला नाही की तूही ठेव. मी गाडीतच बसलो. हीटर चालू होता.

तिकडे वाटेवर असे दगडांचे ढीग असतात. माणसं थांबून तीन फेऱ्या मारतात, एक दगड टाकतात. घाईत असतील तर तीन वेळा हॉर्न वाजवून पुढे जातात. चुलून त्या दिवसापासून तिथे तीनदा हॉर्न वाजवू लागला. मग कोळशाचे ट्रकवाले वाजवू लागले. त्यांना काही माहीत नव्हतं. ढीग दिसला, कुणी वाजवतोय, आपणही वाजवा. वसंतापर्यंत तो ढीग माझ्या छातीएवढा झाला होता आणि कुणीतरी त्याला निळं कापड बांधलं होतं. सरकारी दाखल्यानुसार तिथे काहीच झालेलं नव्हतं.

*

एप्रिलमध्ये शिडीवरून पडून माझा घोटा मुरगळला. दुलमा मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. नवीन डॉक्टरीणबाई होत्या, पन्नाशीच्या, मनगटं कुस्तीगिरासारखी. त्यांनी माझा पाय असा फिरवला की मला भद्रावतीचं देऊळ दिसलं.

“इंडिया?” त्यांनी विचारलं.

“हो.”

मग त्या दुलमाशी बोलू लागल्या. पट्टी गुंडाळत, सहज. दुलमा नेहमीसारखी एकेक वाक्य सांगत गेली. आग्र्याला तिला शिकवलं होतं, आधी भाषांतर करायचं, विचार नंतर.

“त्या म्हणत आहेत, गेल्याच महिन्यात त्यांची बदली इथे झाली. त्याआधी त्या सुमच्या चिकित्सालयात होत्या. अठ्ठावीस वर्षं. त्या म्हणत आहेत, शरद ऋतूमध्ये एका भारतीय रुग्णासाठी त्यांना दूरध्वनी आला होता. पंपगृहावरून. हृदयाचा रुग्ण. ड्रायव्हर म्हणाला, पंधरा मिनिटांत पोचतो. त्यांनी खाट मोकळी केली. सुई भरून ठेवली. नर्स आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.”

पट्टीचा दुसरा वेढा झाला.

“मग गाडी आली. पेट्रोल पंपापर्यंत आली. दारातून ती त्यांना स्वच्छ दिसत होती. पेट्रोल पंप तिथून आठशे मीटर आहे. आणि गाडी…”

दुलमा थांबली. डॉक्टरीणबाई तिच्याकडे पाहत होत्या.

“पुढे सांग,” मी म्हटलं.

“गाडी वळली आणि परत गेली. त्या म्हणत आहेत, त्यांना वाटलं, काही विसरलं असेल. त्या एक तास दारात थांबल्या. त्या विचारत आहेत, काय विसरलं होतं?”

मी पायाकडे पाहत होतो. पट्टी फार व्यवस्थित बांधली होती.

त्या दिवशी पंपहाऊसवरून निघाल्यावर चुलून काहीही न विचारता उजवीकडे वळला होता, सुमकडे. अकरा किलोमीटर. मी पेट्रोल पंपापाशी मान वर केली. समोर पन्नासेक घरं, एक शाळा, एक टॉवर, आणि निळ्या पत्र्याची एक बैठी इमारत. तिच्या भिंतीला शेणाच्या गोवऱ्या रचलेल्या. दारात दोन बायका उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं हात वर केला.

“हे काय आहे?” मी ओरडलो.

“एमनेलेग,” चुलून म्हणाला. दवाखाना.

“हे? गोवऱ्यावाला? नाही, नाही. आपल्या गावचा मोठा दवाखाना. उलानबातर! कॅपिटल!” मी मागून त्याचा खांदा धरला. “वळव. हा तालुका आहे. राजधानीत चल!”

चुलूननं दोन्ही हातांनी समोर दाखवलं. मग बोटांनी. एक. एक मिनिट. मी त्याची बाही ओढली, गाडी रस्त्यावरून घसरायला आली. मी इंजिनियर, कंपनीचा माणूस. तो ड्रायव्हर. त्यानं माझ्याकडे आरशात पाहिलं, आणि गाडी वळवली.

काकांनी डोळे उघडले होते.

“काऊन वळवली गा?”

“तिथे काही नाही काका. आपण राजधानीत चाललो. मोठा दवाखाना आहे.”

त्यांच्या छातीचा आवाज मला मांडीत ऐकू येत होता.

“बैल पाह्यजे होता,” ते म्हणाले.

चुलूनला त्यातला कुठलाही शब्द येत नव्हता. पण काकांनी दोन बोटं कपाळाला लावली होती, शिंगांसारखी. आरशात त्यानं ती पाहिली. तो नंतर म्हणाला ते खरं नव्हतं. तो रस्ता पाहत नव्हता.

श्वास थांबला तेव्हा निळा खांब यायला चार किलोमीटर उरले होते.

मेंढ्या नसत्या, गवत नसतं, शिक्का बाईंच्या टेबलावर असता, तरी मी “या बाजूला” असंच म्हणालो असतो. खांबाच्या त्या बाजूला मेला म्हटलं की कुणीही पुढचं विचारणार होतं, मग सुमच्या दवाखान्यात का नाही नेलं? या बाजूला कुणी काही विचारत नाही. या बाजूला राजधानी आहे.

“काय सांगू त्यांना?” दुलमानं विचारलं. तिचा आवाज बातम्यांसारखा राहिला नव्हता.

“सांग, काही विसरलं नव्हतं.”

तिनं ते सांगितलं की नाही, मला कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पट्टीला पिन लावली. त्या दिवसाचा विषय दुलमानं माझ्यासमोर नंतर कधीच काढला नाही. करार संपेपर्यंत ती माझ्याशी फक्त कामाचं बोलली, अत्यंत शुद्ध हिंदीत.

*

नऊ वर्षं झाली. गेल्या दिवाळीच्या आधी मी राजुऱ्याला काकूंकडे गेलो. आधी दोनदा बसस्टँडपर्यंत जाऊन परत आलो होतो. वळण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

गिरजाकाकू थकल्या होत्या, पण तोंड तसंच. “नऊ सालानं आठवण आली का गा? पेपरात तर नाई आली माही बातमी, मंग कायले आला?”

भिंतीवर काकांचा फोटो होता. त्याच्या शेजारी, तेवढ्याच चौकटीत, दाखला. मंगोलियन भाषेतला एक आणि त्याखाली भाषांतर. काच पुसलेली.

“हे कशाला लावलंय काकू?”

“असू दे ना. गावचे लोक इचारतात. कुठं गेले म्हणून. मी म्हणतो, वाचा. राजधानी लिहून हाय.” त्यांनी चहा गाळला. “माह्या सासूले साप चावला तं गावात दोन राज्यं भांडून राह्यली होती. हे तं म्हणत, आपल्या नशिबाले बैलच. अन् पाह्य कसे, शेवटाले राजधानीत गेले. दिल्लीत गेल्यासारखंच ना गा?”

“हो.”

“तिथं डॉक्टर असन ना चांगला?”

“होता. बाई होत्या. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव.”

“सुई-बिई?”

“भरून ठेवली होती.”

काकू मान डोलवत राहिल्या. मग पदरानं काचेवरचा एक डाग पुसला, जो नव्हता.

“एकच इचारतो. कोणालेच इचारलं नाई आतापर्यंत. दवाखाना किती लांब राह्यला होता?”

मी कप खाली ठेवला.

“आठशे मीटर.”

“अरे,” काकू म्हणाल्या, “मंग तं दारातच होते की.” आणि माझ्या कपात अजून चहा ओतला.